इंग्रजी टु-लेट

इंग्लंडात जे इंग्रजी शब्द वारले, त्यांतल्या बऱ्याच जणांचं पुनर्वसन बंगळूरच्या उत्तरेला, हेब्बाळात झालेलं आहे. इथे ते ठणठणीत आहेत आणि संध्याकाळी तळ्याकाठी फिरायलाही जातात. पंप बिघडला तर आमच्या सोसायटीच्या नोटीसबोर्डावर 'पंप दुरुस्त करा' असं कोणी लिहीत नाही. 'काइंडली डू द नीडफुल' असं लिहितात आणि सगळे निश्चिंत होतात. आमचे सेक्रेटरी म्हैसूरला गेले की 'म्हैसूरला गेलेत' असं उत्तर मिळत नाही, ते 'आउट ऑफ स्टेशन' असतात. हे स्टेशन रेल्वेचं नव्हे. कंपनी सरकारच्या अंमलदाराची जिथे नेमणूक असे ते त्याचं स्टेशन, आणि ते सोडायचं तर वरिष्ठांची परवानगी लागे. आमचे सेक्रेटरी ती परवानगी घरातूनच घेतात, बाकी नियम तोच आहे.

'प्रीपोन' या शब्दाला तर हसायची रीतच पडली आहे. हा म्हणे आपण भारतीयांनी पाडलेला शब्द! ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात तो सोळाव्या शतकातला सापडतो, तेव्हा त्याचा अर्थ 'आधी मांडणे' असा होता. आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थही १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहून एका वाचकाने सुचवला होता. साहेबांनी शब्द काढला आणि फडताळात टाकला, आपण तो पुसून वापरायला घेतला एवढंच. हेब्बाळात मात्र तो बोलण्यापुरताच आहे, कारण इथे ठरल्या वेळेच्या आधी झालेली गोष्ट अजून कोणी पाहिलेली नाही.

आम्ही इथे आलो ते मुलीच्या नोकरीमुळे. ती मान्यता टेक पार्कात लागली आणि 'बाबा, तुम्ही बी.ए. इंग्लिश ना, मग ॲग्रीमेंट वगैरे तुम्हीच वाचा' असं म्हणून तिने घराचं काम माझ्या गळ्यात घातलं. सांगलीच्या कॉलेजात मी चॉसरपासून टेनिसनपर्यंत जे काही घोकलं होतं, त्याचा पुढे बँकेत चेक पास करताना काडीचा उपयोग झाला नव्हता. तो इथे, 'टु-लेट'च्या पाट्या वाचताना झाला.

'लेट' म्हणजे देणे, भाड्याने देणे, होऊ देणे. हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण जुन्या इंग्रजीत दोन वेगवेगळे 'लेट' होते. एकाचा अर्थ 'होऊ देणे' आणि दुसऱ्याचा नेमका उलटा, 'अडवणे'. उच्चार घासत घासत दोघे एकसारखे झाले, आणि शेक्सपिअरच्या काळात एकाच घरात दोन जावा नांदाव्यात तसे ते नांदत होते. भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट आडव्या येणाऱ्या मित्रांना जी धमकी देतो, ती या दुसऱ्या 'लेट'मध्ये आहे. पुढे अडवणारा 'लेट' थकला. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून गेली की अंपायर 'लेट' पुकारतो, तेवढ्यात तो उरला, आणि दुसरीकडे आपल्या पासपोर्टात. पहिल्याच पानावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती असते, तिच्यात या गृहस्थाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं असं म्हटलेलं आहे, म्हणजे अडथळा न करता, अडकाठी न करता.

आता हा पासपोर्ट खिशात घालून तुम्ही विमान गाठायला निघा. २००८ साली विमानतळ देवनहळ्ळीला गेला, तेव्हापासून शहरातून जाणाऱ्या बहुतेकांना बळ्ळारी रस्त्याने हेब्बाळच्या उड्डाणपुलावरूनच जावं लागतं. हा पूल २००३ साली पुरा झाला आणि त्याला अजून नवनवे फाटे फुटताहेत. सहा दिशांनी सहा प्रकारची वाहनं येतात आणि मग सगळी मिळून एकच दिशा धरतात, ती म्हणजे वर, आकाशाकडे बघण्याची. राष्ट्रपतींची विनंती परदेशच्या सरकारांना उद्देशून असते, असं माझ्या जावयाचं मत आहे. माझ्या मते ती हेब्बाळच्या ट्रॅफिक पोलिसाला उद्देशून असली पाहिजे. जगात बाकी कुठेही मला कोणी अडवलेलं नाही.

याच पुलावर 'फर्लांग'ही मला नव्याने कळला. मैलाचा आठवा भाग, २२० यार्ड, एवढं शाळेत शिकलो होतो. मूळ शब्द 'फरो-लाँग', म्हणजे बैल दमेपर्यंत नांगराने जेवढं एक तास ओढायचं तेवढी लांबी. एक फर्लांग म्हणजे एक तास! साहेबाच्या भाषेतलं हे गणित मराठीतच पुरं होतं, आणि ते पडताळून बघायचं तर संध्याकाळी सहाच्या सुमारास कृषी विद्यापीठाच्या बाजूने पुलावर चढावं.

घर मात्र खऱ्या अर्थाने 'टु-लेट' होतं, म्हणजे अडवण्यासाठी होतं. पाटी वाचून फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येई, 'फॅमिली ऑर बॅचलर?' दुसरा, 'व्हेज?' आणि तिसरा, 'नेटिव्ह?' तिसऱ्याला मी 'सांगली' म्हणायचो, मग थोडी शांतता, आणि मग 'बेळगाव साइड आ?' असा समजूतदार प्रतिप्रश्न यायचा. मी 'हो' म्हणून टाकायचो. बेळगावच्या कोणत्या बाजूला, हा वाद मी घर मिळेपर्यंत पुढे ढकलला होता.

'बॅचलर' हा मूळचा तरणाबांड उमेदवार योद्धा, थोरल्या सरदाराच्या हाताखाली शिकणारा. मग विद्यापीठाने तो उचलला आणि पदवी दिली, मग समाजाने उचलला आणि लग्नाचा ठरवला. बंगळूरने त्याला तिन्ही अर्थांनी एकत्र आणून गेटाबाहेर उभा केला. इथे बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग झालेला बॅचलर कंपनीच्या उमेदवारीवर येतो आणि त्याला खोली मिळत नाही. मुलगी असेल तर 'लेडी बॅचलर'. आमच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं तेव्हा तिच्या एका प्रतिज्ञापत्रावर टायपिस्टाने 'स्पिन्स्टर' असं ठोकलं होतं. सूत कातणारी बाई! इंग्लंडच्या विवाहनोंदणीतून हा शब्द २००५ साली काढून टाकला आणि 'सिंगल' आणला, पण कोर्टाबाहेरच्या टायपिस्टापर्यंत ती बातमी यायची आहे. 'कातते का ग काही?' असं हिने मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, 'कोड कातते.'

'फॅमिली'ची गंमत आणखी. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कारकुनाला 'फॅमिली कुठाय?' विचारलं की तो 'माहेरी गेलीय' म्हणून सांगायचा. फॅमिली म्हणजे बायको, बाकीचे ते गोतावळा. बंगळूरच्या खानावळीत 'फॅमिली रूम' असते ती याच अर्थाने. पण लॅटिनात 'फामिलिया' म्हणजे घरातले नोकरचाकर, गुलाम मंडळी. 'फामुलुस' म्हणजे नोकर. मालक घरातल्या सगळ्यांनाच त्यात धरत असत, ते आपल्या ताब्यातले आहेत म्हणून. मी ही व्युत्पत्ती घरी सांगितली तेव्हा ही म्हणाली, 'अहो, हे मला कोशात बघायला लागलं नाही.' आणि तांदूळ निवडायला माझ्यापुढे ठेवले.

शेवटी एक घर मिळालं. इथे घरमालकाला 'ओनर' म्हणतात आणि त्याच्या बायकोला 'ओनर आंटी', मग ती आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान का असेना. साहेबाच्या देशात हे दोघे लँडलॉर्ड आणि लँडलेडी. त्यातला 'लॉर्ड' म्हणजे मुळात पाव राखणारा आणि 'लेडी' म्हणजे कणीक मळणारी. ब्रिटिश पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाच्या नावाचा अर्थ पाववाल्यांचं घर असा होतो. आमचे ओनर पाव राखत नाहीत, पाणी राखतात. घर दाखवताना त्यांनी हॉल, बेडरूम, देवघर एका हातवाऱ्यात उरकलं आणि गच्चीवर नेऊन टाकीपुढे उभं केलं. 'कावेरी, आल्टरनेट डे, सार्. प्लस बोअर इज देअर, ट्वेंटीफोर अवर्स.' बोअर म्हणजे बोअरवेल, हे कळायला मला वेळ लागला नाही, पण त्याच वाक्याचा दुसरा अर्थ ओनरच्या थोरल्या बंधूंची ओळख झाल्यावर पटला. तेही खाली ट्वेंटीफोर अवर्स असतात.

इथल्या व्यवहाराचे शब्दही वेगळे. डिपॉझिटला 'ॲडव्हान्स' म्हणतात, आणि पूर्वी तो दहा दहा महिन्यांच्या भाड्याएवढा असायचा. भाड्याने घेतलं तर 'रेंट'. आणि 'लीज' म्हणजे काहीतरी अजबच. मालकाला एकरकमी लाखो रुपये द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहायचं, सोडताना सगळे पैसे परत घ्यायचे. व्याज हेच भाडं! ही कल्पना मी सांगलीतल्या मित्राला फोनवर सांगितली, तर तो म्हणाला, 'आणि परत दिले नाहीत तर?' सांगलीच्या माणसाला सावकारी समजते.

हेब्बाळ हे नावही जुन्या शब्दांच्या जातीचंच आहे. २०१८ साली इथे किट्टय्या नावाच्या वीराची कोरीव शिळा उजेडात आली, साधारण इ.स. ७५० ची, गंगराजा श्रीपुरुषाच्या काळातली. तिच्यात या मुलखाचं नाव 'पेर्बोळल्-नाडु' असं कोरलेलं आहे. जुन्या कन्नडातला 'प' पुढे 'ह' झाला, पुलीची हुली झाली, पूचा हू झाला, तसा पेर्बोळलचा हेब्बाळ झाला. शहराच्या पोटात बंगळूरपेक्षा जुनं गाव आहे हे हेब्बाळकरांना मोठ्या दिमाखात सांगता येतं. सांगताना मागे क्रेन दिसत असतात.

त्या क्रेनखाली शेतं होती आणि आता 'व्हिला' आहेत. लॅटिनात 'विल्ला' म्हणजे शेतावरचं घर. त्यावरून 'व्हिलेज'. आणि त्या शेतावर राबणारा कूळगडी तो 'व्हिलेन'. सरदारांना गावंढळ माणूस दुष्टच वाटत असल्यामुळे त्याचा पुढे खलनायक झाला. हेब्बाळात हे तिन्ही शब्द एका सर्व्हे नंबरात राहतात. व्हिलेज होतं तिथे व्हिला झाले. मधल्या काळात व्हिलेन कोण झाला याबद्दल गावात दोन मतं आहेत, आणि मला दोन्हीकडचे लोक कॉफी पाजतात.

जमिनीच्या व्यवहारात आपण मराठी माणसं इथे नवखी आहोत असं मात्र कोणी समजू नये. शहाजीराजांची जहागीर इथे होती आणि त्यांचे चिरंजीव एकोजीराजे तंजावरला गेल्यावर त्यांनी बंगळूर तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना विकायला काढलं. बोलणी चालू असतानाच, १६८७ मध्ये, मोगलांचा कासिमखान येऊन ताबा घेऊन बसला आणि मग म्हैसूरकरांनी ते त्याच्याकडून घेतलं. म्हणजे विकणारा एक, ताबा दुसऱ्याचा आणि पैसे तिसऱ्याचे. बंगळूरच्या जागांचे व्यवहार तेव्हापासून याच पद्धतीने होत आले आहेत.

त्यामुळे ओनरनी जेव्हा 'व्हाय रेंट, सार्? माय ब्रदर्स फ्लॅट, नाइस फ्लॅट, नाइस लोकॅलिटी' असं सुरू केलं, तेव्हा मी सावध झालो. 'नाइस' मूळचा लॅटिन 'नेस्कियुस', अडाणी, काही न कळणारा. चौदाव्या शतकातल्या इंग्रजाला तुम्ही 'नाइस' म्हणाला असता तर त्याने काठी उचलली असती. याच्या उलट 'सिली' म्हणजे एके काळी भाग्यवान, देवाची कृपा असलेला. सिली होते त्यांनी हेब्बाळात १९९० साली जागा घेतल्या आणि आता घेतात ते नाइस. बंगळुरात नाइस नावाचा एक आख्खा रस्ताही आहे. त्याबद्दल मी काही बोलत नाही, तो हेब्बाळला येत नाही.

पण मुलगी आणि जावई घ्यायचंच म्हणाले, आणि कागदपत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे आला. पहिली निघाली ती 'मदर डीड', जिच्या पोटी पुढची सगळी खतं जन्मली ती मूळ माता. त्यामागोमाग 'ई.सी.', म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बोजा असतो, तोच हा. मागच्या तीस वर्षांचा शोध घेतात, काही सापडलं तर फॉर्म १५, काहीच नसलं तर फॉर्म १६. पण जुन्या इंग्लंडात एन्कम्ब्रन्स म्हणजे मूलबाळ! घरकामाला जोडपं हवं असलं की साहेब जाहिरातीत 'विदाउट एन्कम्ब्रन्स' असं छापायचा, म्हणजे पोरंबाळं नसलेलं. मदर असली की एन्कम्ब्रन्स आलाच, एवढं तर्काला धरून दुसरं काही त्या गठ्ठ्यात नव्हतं. हिला सांगितलं तर ती म्हणाली, 'मग आपल्यावर बोजा एकच, आणि हप्ते तोच भरणार आहे.'

मधेमधे मराठी शब्द भेटायचे तेव्हा परमुलखात गाववाला भेटल्यासारखं व्हायचं. इथल्या जमिनीच्या उताऱ्याला 'पहाणी' म्हणतात, ती आपली पाहणी. जमिनीचे तुकडे पाडून नोंद करणं म्हणजे 'पोडी', ती आपली फोडी. खाता, हिस्सा, जमाबंदी, दरखास्त, सगळी मंडळी मजेत आहेत. ओनरचे थोरले बंधू या शब्दांना अस्सल कन्नड समजतात. ते म्हणजे आमचे 'बोअर'. मी ती समजूत मोडायला गेलो नाही, फ्लॅट त्यांचा होता.

मग आला 'कन्व्हेयन्स'. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना हा शब्द नुसता ऐकला तरी घाम फुटतो. मोफा, म्हणजे १९६३ चा कायदा, सांगतो की बिल्डरने सोसायटीच्या नावे जमीन करून द्यावी, आणि ती न दिलेल्या सोसायट्यांसाठी मग 'डीम्ड कन्व्हेयन्स' काढावं लागलं. सरकारी मराठीत त्याचं नाव 'मानीव अभिहस्तांतरण'. ते एका दमात म्हणता येईल त्या चेअरमनला जमीन तशीच द्यावी. कन्व्हेयन्सचा दुसरा अर्थ वाहन, म्हणून पगारात कन्व्हेयन्स अलाउन्स. आणि तिसरा, जो आता कोशातच सापडतो, तो चोरी. शेक्सपिअरच्या नाटकांतली भुरटी मंडळी 'चोरलं' म्हणत नाहीत, 'कन्व्हे केलं' म्हणतात, कारण चोरी हा शब्द सभ्य माणसाच्या तोंडी शोभत नाही. करार करायला वकिलाकडे जायचं म्हणून रिक्षा केली, तर रिक्षावाला म्हणाला, 'मीटर मेले फिफ्टी, सार्.' एस्टीम मॉलपासून जेमतेम मैलभर अंतर. कन्व्हेयन्ससाठी कन्व्हेयन्सने जाताना कन्व्हेयन्स झाला, तिन्ही अर्थ एका फेरीत.

'मॉर्गेज'बद्दल फार बोलण्यासारखं नाही, आयुष्यभर बँकेत तेच केलं. 'मॉर्ट' म्हणजे मेलेलं, 'गेज' म्हणजे तारण. सतराव्या शतकात एडवर्ड कोक नावाच्या कायदेपंडिताने त्याचा उलगडा केला आहे: कर्ज फेडलं नाही तर जमीन कर्जदाराला मेली, फेडलं तर सावकाराला मेली. कोणीतरी मरतंच. जावयाच्या सहीसाठी कागद पुढे केले तेव्हा त्याला 'हजबंड'चा मूळ अर्थ 'घरधनी' असा आहे हे मी सांगितलं. त्याने हप्त्यांच्या तक्त्यावरून बोट फिरवलं, वीस वर्षांच्या खाली नेलं आणि म्हणाला, 'मग मी तेव्हा होईन.'

खरेदीखत करायच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही सगळे ओळीने बसलो होतो. खतात विकणारा 'व्हेंडर' होता, म्हणजे ओनरचे बंधू आणि गेटावरचा भाजीवाला एकाच जातीचे झाले. पैशाला 'कन्सिडरेशन' म्हटलं होतं. एवढे घेऊनही बंधूंनी आमच्याबद्दल कसलंच कन्सिडरेशन दाखवलं नव्हतं. खत करणं म्हणजे 'एक्झिक्यूट', फाशी देणं म्हणजेही तेच. 'पझेशन' घराचंही आणि भुताचंही. ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं. खरेदीदाराने ही मिळकत 'पीसफुली अँड क्वाएटली एन्जॉय' करावी, असं तिथे लिहिलेलं होतं.

'अहो, एन्जॉय करायचं हे पण लिहून घ्यावं लागतं?'

मी सांगितलं, कायद्यात एन्जॉय म्हणजे उपभोग, वहिवाट. मजेचा काही संबंध नाही.

ते आठवडे एरो इंडियाचे होते. दर दोन वर्षांनी येलहंक्याच्या विमानतळावर हा मेळा भरतो आणि सरावाची लढाऊ विमानं हेब्बाळच्या डोक्यावरून जातात. अंगठे उठवून, फोटो काढून आम्ही बाहेर पडलो, फ्लॅटवर जाऊन कुलूप उघडलं आणि बाल्कनीचं दार सरकवलं, तोच एक सुखोई कौलं उडतील असा आवाज करत गेलं. खाली पुलावर हॉर्न चालू होते. थोरले बंधू किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे उभे होते. आवाज ओसरेपर्यंत ते थांबले, किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि मनापासून म्हणाले, 'एन्जॉय, सार्.'

'कोणत्या अर्थाने ते विचारा,' ही म्हणाली, पण तेवढ्यात दुसरं विमान आलं.